टॉयलेट तपासायला कोणाला बोलवायचं?

मागच्या अंकात व्हीलचेअरच्या रॅम्पवर लिहिलं, तर पत्रं आली ती बहुतेक टॉयलेटची. रॅम्प चढून माणूस आत आला, की तासाभरात पुढचा प्रश्न तोच असतो, त्यामुळे नवल नाही. त्यातली चार पत्रं इथे घेते.

ताई, दादर पश्चिमेला आमचं उपाहारगृह आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक परवा आईला व्हीलचेअरवरून घेऊन आले. थालीपीठ झालं, पीयूष झालं, मग आईंना बाथरूमला जायचं होतं. खुर्ची दारातच अडकली. बिचारे बिल देऊन घाईघाईनं टॅक्सी करून घरी गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. दिवाळीनंतर टॉयलेटचं काम काढायचंच आहे. ठेकेदार म्हणतो, "हँडिकॅप टॉयलेट करून देतो, वर सर्टिफिकेटपण देतो." भाचा म्हणतो, आधी ॲक्सेस ऑडिटर बोलवा, म्हणजे जागा दिव्यांगांना वापरता येते का हे तपासणारा माणूस. असा माणूस खरंच असतो का? तो येऊन काय बघतो? आणि आमच्या एवढ्याशा गाळ्याला त्याचा खर्च झेपेल का?
— उपाहारगृहमालक, दादर

भाच्याचं ऐका, आणि तेही टाइल्स फुटायच्या आधी. काम झाल्यावर ऑडिटरला बोलावलं तर तो चुका दाखवेल, तुम्ही कपाळाला हात लावाल, आणि दार आहे तिथेच राहील.

ठेकेदाराचं सर्टिफिकेट सोडून द्या. ज्यानं भिंतीवरचे धरायचे बार बसवायचे त्यानंच ते नीट बसलेत असं लिहून द्यायचं, याला काय अर्थ आहे? ऑडिटर निवडताना माझी पहिली अट हीच असते: या माणसाला तुम्हाला काही विकायचं नसावं. फिटिंग्ज नाही, टाइल्स नाहीत, ठेकेदारी नाही. त्याची फी मोजमापाची आणि अहवालाची. "आमच्याकडूनच माल घ्या, ऑडिट फुकट" असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि रवाना करा.

असा माणूस असतो. आपल्याकडे या कामाला कायद्यानं ठरवून दिलेला परवाना नाही, म्हणून कार्डावर कुणीही ॲक्सेस ऑडिटर छापू शकतो. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं 2015 मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू केलं, त्याच्या कामासाठी ऑडिटर पॅनेलवर घेतले गेले. त्या पॅनेलवर काम केलंय का, हे विचारायला हरकत नाही. या कामात आर्किटेक्ट असतात, इंजिनिअर असतात, आणि माझ्यासारखे ऑक्युपेशनल थेरपिस्टही असतात. आम्ही मुळात रुग्णाला खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून कमोडवर कसं जायचं हे शिकवत आलो, त्यामुळे नजर तिकडे जाते. आर्किटेक्टला भिंत आणि पाइप जास्त कळतात. तुमच्या कामाला खरं तर दोघांची गरज आहे, पण एकच परवडत असेल तर ज्यानं उपाहारगृह किंवा दवाखाना अशा लहान जागा तपासल्यात त्याला घ्या. मोठ्या मॉलवाल्याला तुमचा गाळा म्हणजे अडगळ वाटेल. त्याचा एखादा जुना अहवाल मागा, गिऱ्हाइकाचं नाव खोडून. त्यात प्रत्येक दोषापुढे मोजलेला आकडा, हवा असलेला आकडा आणि फोटो असेल तर माणूस कामाचा. "सुधारणेस वाव आहे" अशी वाक्यं असतील तर नमस्कार करा.

आता तो काय बघतो ते सांगते, कारण तुम्ही स्वतः एकदा बघितलंत तर त्याला अर्ध्या वेळात कामाला लावाल.

सुरुवात टॉयलेटच्या दारापासून होत नाही, रस्त्यापासून होते. दादरला पावसाच्या पाण्याच्या धास्तीनं गाळे वर उचललेले असतात. तुमच्याकडे बाहेर दोन पायऱ्या असतील असं धरते. बारा इंच चढायचं तर एकास बारा या उतारानं बारा फूट रॅम्प लागतो, आणि तो फुटपाथवर काढायला महापालिका देणार नाही. म्हणजे तो आतल्या बाजूला कसा बसवायचा, की उचलून लावायचा लहान रॅम्प आणि मदतीला माणूस ठेवायचा, हे आधी ठरलं पाहिजे. आतलं टॉयलेट कितीही उत्तम केलं आणि आईंना दोन वेटरांनी उचलून आत आणावं लागलं, तर काय मिळवलं?

मग टेबलांमधली वाट, मग मोरीजवळचा कोपरा, जिथे बादली, मॉप आणि पाण्याचे रिकामे जार ठेवलेले असतात. ते आजच हलवा, त्याला ऑडिटर लागत नाही.

दार. ठेकेदार तीन फुटी दार म्हणतो, पण तो चौकटीचं माप सांगतो. चौकटीची जाडी गेली, उघडलेल्या पल्ल्याची जाडी गेली, बिजागरीनं आणखी थोडं खाल्लं, की उरते ती मोकळी जागा. मोजायची ती. केंद्राच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी 900 मिमी मागितली आहे. जुन्या दादरी टॉयलेटांची दारं सव्वादोन-अडीच फुटांची असतात, तिथे खुर्ची अडकणारच. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणाऱ्या दारामागे कुणी घसरून पडलं तर दार ढकलताही येत नाही, आणि बाहेरचे लोक नुसते आवाज देत बसतात. कडी बारीक खिट्टीची नको. संधिवाताच्या बोटांना आणि लकवा झालेल्या हाताला चालेल अशी लांब दांड्याची हवी, आणि अडचणीत बाहेरून उघडता येणारी.

उंबरठा. मुंबईच्या जुन्या इमारतींत हीच खरी डोकेदुखी. टॉयलेटखाली मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब नसतो, म्हणून पाइप स्लॅबवरूनच फिरवतात, त्यावर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर घालतात आणि फरशी बाहेरच्यापेक्षा चार-सहा इंच वर येते. ठेकेदार तिथे एक लहानसा उतार करून देतो म्हणतो. चार इंचांना चार फूट लागतात, आणि तो उतार नेमका दारात येतो, जिथे माणसानं कडी काढायला थांबायचं असतं. ऑडिटर आणि प्लंबर यांना एकत्र उभं करून विचारा, भिंतीतून मागे निघणारा पी ट्रॅपचा कमोड घेऊन आणि टॉयलेट डक्टला (उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेला) चिकटवून फरशी किती खाली आणता येते. नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या भांड्याला, थोडी खोली लागतेच, पण सहा इंचांचे दोन झाले तरी सगळं चित्र बदलतं. स्लॅब फोडायचा विषय कुणी काढला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि घरमालक या दोघांशिवाय हातोडा उचलू देऊ नका.

आतली जागा 2200 बाय 2000 मिमी धरतात, म्हणजे अंदाजे सव्वासात बाय साडेसहा फूट. तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्यात माझी दोन टेबलं बसतात. ठाऊक आहे. यातलं बरंचसं क्षेत्र खुर्ची वळवायला आणि कमोडच्या शेजारी लावायला जातं. शेजारी 900 मिमी मोकळे हवेत, आणि तिथेच नेमका पॅडलचा कचऱ्याचा डबा ठेवलेला असतो. एवढी जागा निघतच नसेल तर प्रामाणिक ऑडिटर तसं लिहून देतो, आणि काठीवाल्या, वॉकरवाल्या, गुडघे दुखणाऱ्या लोकांसाठी काय करता येईल ते वेगळं सांगतो. त्या टॉयलेटवर मग खुर्चीचं निळं चिन्ह लावायचं नाही. चिन्ह बघून कुणी लांबून आलं आणि खुर्ची वळली नाही, तर ती फसवणूक होते.

ग्रॅब बार. इथे मी जरा रेंगाळणार. मी कुठेही गेले तरी आधी बारला लोंबकळते. एका चकचकीत नव्या हॉटेलात बार माझ्या हातात आला, स्क्रूसकट. मागे सिपोरेक्सचे हलके ब्लॉक होते, आणि बारखाली आधाराला काहीच दिलं नव्हतं. टाइल मात्र इटालियन. बारवर माणूस नुसता हात ठेवत नाही, त्यावर सगळं अंग टाकतो, तेही एका बाजूनं, झटक्यानं. म्हणून बार कुठे येणार ते टाइल्स लागायच्या आधी भिंतीवर खडूनं आखायचं, तिथे विटांचं भरीव काम किंवा आतून लोखंडी पट्टी द्यायची, आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. टाइल लागल्यावर आत काय आहे ते कोणी सांगू शकत नाही. ऑडिटर जर फक्त बाहेरून बार बघून टिक करत असेल तर त्याला लोंबकळायला सांगा. खरंच सांगा.

कमोडची उंची 450 ते 480 मिमी, बैठकीसकट मोजायची. शोरूममधला सेल्समन बैठकीशिवाय सांगतो. जेट स्प्रे बसल्याजागी हाताला यावा, मागे वळून चाचपावं लागू नये. फ्लशची कळ बोटानं दाबायची नको, मनगटानं किंवा कोपरानंही दबली पाहिजे. खाली खांब असलेलं बेसिन नको, गुडघे आत गेले पाहिजेत, आणि खालचा पाइप पायाला लागू नये. मदतीच्या घंटेला दोन जागा: एक 900 मिमीवर आणि एक जमिनीपासून 300 मिमीवर, कारण पडलेला माणूस वरच्या दोरीपर्यंत पोचत नाही. ती घंटा गल्ल्यावर वाजली पाहिजे आणि ती वाजल्यावर काय करायचं हे गल्ल्यावरच्या मुलाला माहीत पाहिजे. ऑडिटरनं ती त्याच्यासमोर वाजवून बघावी.

आणि एक गोष्ट, जी ठेकेदार कधी विचारत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाबरोबर आई होती आणि तो स्वतः मुलगा. हे टॉयलेट लेडीजच्या आत केलंत तर तो आत जाणार कसा? बायको नवऱ्याला घेऊन आली तर तीच अडचण उलटी. सरळ बाहेरून दार असलेलं, दोघांनाही चालेल असं एकच करा. लहान जागेत ते सोयीचंही पडतं.

डोळ्यांचा विषय विसरू नका. पांढरी टाइल, पांढरा कमोड, पांढरं बेसिन आणि वर झगझगीत दिवा: कमी दिसणाऱ्या माणसाला आत काहीच दिसत नाही. बारचा आणि बैठकीचा रंग भिंतीपेक्षा वेगळा घेतला की पुरे, याला जादा पैसा पडत नाही.

खर्चाचं असं: पूर्ण इमारतीचं ऑडिट तुम्हाला नकोय. प्रवेशापासून टॉयलेटपर्यंतची वाट आणि टॉयलेट, एवढंच काम लिहून द्या आणि भेटीप्रमाणे दर मागा. तीन टप्पे ठरवा: आधीची भेट, ड्रॉइंगवर खुणा करून देणं, आणि काम झाल्यावर टेप घेऊन पुन्हा येणं. शेवटचा हप्ता तिसऱ्या टप्प्यानंतरच द्यायचा. ही तिसरी भेट बहुतेक मालक वाचवतात, आणि नेमके तेव्हाच बार दोन इंच वर लागलेले असतात.

तुम्ही कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी कचेरी नव्हे, लोक जिथे येतात-जातात अशी खाजगी जागाही त्यात येते. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच सरली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्याला पन्नास हजार ते पाच लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुडी प्रकरणात केंद्राला सांगितलं, की शिफारशींच्या भाषेतले नियम चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम वेगळे काढा. म्हणून अहवालात प्रत्येक मापाशेजारी ते कोणत्या दस्तऐवजातून आणि कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतून घेतलं, हे ऑडिटरकडून लिहून घ्या. नियम पुढे बदलले तर काय बदललं ते चटकन कळेल.

त्या गिऱ्हाइकांचा फोन नंबर असेलच तुमच्याकडे. काम झालं की त्यांना कळवा.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, भाड्याच्या इमारतीत. अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं वॉशरूमचा "एडीए कम्प्लायन्स रिपोर्ट" मागितलाय. इथे एक एजन्सी एडीए सर्टिफिकेट देते म्हणते. वॉशरूम मजल्यावर सामायिक आहेत, आमच्या ताब्यात नाहीत. काय करू?
— ॲडमिन विभाग, अंधेरी

एडीए हा अमेरिकेचा दिव्यांगांच्या हक्कांचा 1990 चा कायदा. तो अंधेरीतल्या इमारतीला लागू नाही. त्याच्या मापांवर कुणी तुमची वॉशरूम मोजून दिली तर तो एक तुलनात्मक तक्ता होईल, सर्टिफिकेट होणार नाही. तिकडे कॅलिफोर्निया राज्यात तरी सरकार स्वतः परीक्षा घेऊन ॲक्सेस स्पेशालिस्ट प्रमाणित करतं. अंधेरीतल्या एजन्सीला तो अधिकार कोणी दिला, हे एका ओळीच्या मेलमध्ये विचारा. उत्तर यायला वेळ लागेल.

दोन्हीकडची मापं एकसारखी नाहीत. तिकडे दाराची मोकळी रुंदी 32 इंच चालते, आपल्या 900 मिमीपेक्षा कमी. अमेरिकन मानकात टॉयलेट पेपर कमोडच्या पुढे किती इंचांवर असावा हे अगदी बारकाईनं लिहिलंय. जेट स्प्रेचा मात्र पत्ताच नाही, आणि तुमच्या मजल्यावर रोज वापरतात तो जेट स्प्रेच. मूळ कंपनीला लिहा, की आम्ही भारतीय कायद्याप्रमाणे आणि 2021 च्या तत्त्वांप्रमाणे ऑडिट करून घेतो, शेजारी एडीएच्या मापांचा रकाना जोडतो. बहुधा त्यांना तेवढंच हवं असतं.

सामायिक वॉशरूमसाठी इमारतमालकाची किंवा फॅसिलिटी मॅनेजरची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर ऑडिटर लॉबीत बसून राहील. ऑडिट कोणी करायचं आणि दुरुस्ती कोणी, हे पुढच्या भाडेकरारात घाला. तुमच्याकडे 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सुविधा लिहाव्या लागतात. तिथे खोटं लिहू नका, पुढेमागे कुणी व्हीलचेअर घेऊन नोकरीला येईल तेव्हा पहिल्याच दिवशी ते उघडं पडतं.

मी व्हीलचेअर वापरते. एका मॉलचं ऑडिट करणाऱ्या फर्मनं "यूजर टेस्टिंग"साठी दिवसभर बोलावलंय. मोबदल्याचं विचारलं तर म्हणाले, समाजकार्य आहे. जाऊ का?
— परळ

पैसे घेऊन जा. ऑडिटर समाजकार्य करत नाही, बिल लावतो, आणि त्याच्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग तुम्ही देणार आहात. त्यानं टेपनं मोजलेलं टॉयलेट बरोबर निघालं आणि तुम्हाला कडी लागली नाही, असं वारंवार होतं. दिवसाची फी, टॅक्सीभाडं दोन्ही बाजूंचं आणि सोबतीच्या माणसाचं जेवण, हे आधी मेलवर ठरवा. आणखी एक अट घाला: तुमची निरीक्षणं तुमच्या शब्दांत अहवालात जातील आणि अहवालाची प्रत तुम्हाला मिळेल. कमोडवर सरकून बसायचं प्रात्यक्षिक फोटोसाठी करायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आणि तुमच्या एकटीवर कुणी "यूजर टेस्टिंग झालं" असं लिहिणार असेल, तर अंध व्यक्ती आणि बहिरी व्यक्ती कुठे आहे ते विचारा. घंटेचा दिवा लागतो की नुसता आवाज येतो, हे तुम्हाला कळणार नाही, बहिऱ्या माणसाला कळेल.

गिरगावात आमच्या ट्रस्टचं मंगल कार्यालय आहे. ऑडिट केलं. जाडजूड इंग्रजी अहवाल आलाय, विश्वस्त घाबरून गेलेत. सुरुवात कुठून करावी?
— ट्रस्टचे कार्यवाह, गिरगाव

ऑडिटरलाच परत बोलवा आणि तीन रकाने करून मागा: या आठवड्यात फुकटात होणारं, पुढच्या लग्नसराईपूर्वी होणारं, आणि भिंत पाडावी लागेल असं. ते मराठीत मागा, कारण अंमलबजावणी तुमचा मॅनेजर आणि सफाईवाली बाई करणार. पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा हेच निघतं: टॉयलेटमध्ये रचलेल्या खुर्च्या आणि सतरंज्या काढणं, गळका नळ, तुटकी कडी, बंद दिवा, आणि किल्ली कोणाकडे असते. लग्नाच्या दिवशी अपंगांचं टॉयलेट कुलूपबंद आणि किल्ली सापडत नाही, हे मी गिरगावातच पाहिलंय. कुलूप काढून टाका. फरशी ओली राहू नये म्हणून मुहूर्ताच्या आधी आणि जेवणाच्या पंगती उठल्यावर एकदा पुसायचं काम एका माणसाच्या नावावर लावा.

बार आणि दार दुसऱ्या रकान्यात. भिंती तिसऱ्यात, आणि त्यासाठी ट्रस्टच्या पुढच्या सभेत ऑडिटरला अर्धा तास बोलायला लावा. विश्वस्तांपैकी निम्मे सत्तरीच्या पुढचे असतील, त्यांना कमोडची उंची समजावून सांगावी लागणार नाही.